गानहिरा हिराबाई बडोदेकर

आपले असोदा म्हणजे बहिणाबाईंचे माहेर. 1880 साली महाजनांच्या घरात त्या जन्मल्या, जळगावला चौधरींच्या घरी नांदल्या, आणि जात्यावर, शेतात, चुलीपुढे गात गात 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. चिरंजीव सोपानदेव व घरची माणसे यांनी काही गाणी टिपून ठेवली म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. पुढे त्या गाण्यांना चाली लागल्या, ती तबकड्यांवरही आली. परंतु गळा दुसऱ्यांचा. खुद्द बहिणाबाईंचा आवाज मात्र कोणत्याही तबकडीवर नाही. जात्याच्या घरघरीत तो मिसळला आणि तेथेच राहिला. बाईचा आवाज टिकून राहणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे असोद्याच्या लेकीसुनांना वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच मंडळाच्या या स्मरणिकेसाठी, जिचा आवाज टिकला, घरोघर पोचला आणि ज्या आवाजाने तुमच्या-आमच्यासारख्या घरंदाज बायकांसाठी जलशाच्या मंडपाचे दार उघडले, अशा एका थोर गायिकेचे चरित्र निवडले आहे. त्या म्हणजे गानहिरा हिराबाई बडोदेकर.

हिराबाईंनी काय केले हे कळण्यासाठी त्यांच्या आधीचा काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरातल्या बाईने गावे ते देवघरात, पाळण्यापाशी, जात्यावर किंवा मंगळागौरीला. चारचौघांत, साथीला तबला-सारंगी घेऊन गाणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या कित्येकींची विद्या थोर होती. परंतु त्यांचे गाणे चालावयाचे ते राजेरजवाड्यांच्या दरबारी नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. ऐकणारे पुरुष. त्याच घरातली बाई माजघरात स्वयंपाक करीत असावयाची आणि भिंतीआडून कानावर पडेल तेवढेच तिचे गाणे. गाणारीला कला होती, मान नव्हता. घरधनिणीला मान होता, गाणे नव्हते. या दोघींच्या मधली भिंत हिराबाईंच्या गाण्याने पाडली, आणि तीही कसला गाजावाजा न करता.

हिराबाईंचा जन्म 30 मे 1905 रोजी मिरजेस झाला. मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तेथले कारागीर भोपळा कोरून जे तंबोरे करतात, ते सबंध हिंदुस्थानात नावाजलेले आहेत. अशा गावात आणि त्याहून सुरेल अशा घरात ही मुलगी जन्मली. वडील म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. उत्तरेकडील कैराना हे त्यांचे मूळ गाव. त्यावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. खाँसाहेब तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गवई होते. तेथल्या राजघराण्याशी सोयरिक असलेल्या सरदार माने यांची कन्या ताराबाई आणि खाँसाहेब यांची मने जुळली. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई, मिरज असे संसाराचे बिऱ्हाड मांडले. त्या काळी अशा लग्नाला किती धैर्य लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. बडोदेकर हे आडनाव पुढे आले ते आईच्या या बडोद्यावरूनच.

या दांपत्याला पाच मुले. पुढे ती सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वतीबाई या नावांनी ओळखली गेली. घरात पहाटेपासून तंबोरा लागलेला, शिष्यांचा राबता, रियाजाची आवर्तने. खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले होते व त्यात कित्येक विद्यार्थी त्यांच्या पदरी राहून शिकत. अशा घरात मुले सूर शिकत नाहीत, ते त्यांच्या अंगवळणी पडतात.

परंतु हा संसार टिकला नाही. 1920 च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या. ताराबाईंनी मुलांना आपले माने हे आडनाव आणि नवी नावे दिली. घरातल्या चंपाकळीची हिराबाई झाली ती याच काळात. पतीच्या आधाराशिवाय पाच मुलांचा भार एका बाईने उचलावयाचा, हे आजही सोपे नाही. तेव्हा तर ते निखाऱ्यांवरून चालणे होते. घरात द्रव्य नव्हते. होते ते गाणे.

तथापि गाणे हाच मुलीचा व्यवसाय व्हावा, असे ताराबाईंच्या मनात सुरुवातीला नव्हते. हिराबाईंनी शिकून डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. यात नवल नाही. गाणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे त्या माउलीला ठाऊक होते. लेकीला गळा आहे हे तिला कळत होते. त्या गळ्यापायी लेकीच्या वाट्याला काय येईल हेही कळत होते. आई म्हणून तिच्या जिवाची जी ओढाताण झाली असेल, ती आपल्यापैकी अनेकींना समजेल. शेवटी गळ्याचाच जय झाला. मोठे बंधू सुरेशबाबू यांनी बहिणीला शिकविले; सुरेशबाबू हे स्वतःच इतके तयारीचे गवई की मोठमोठे गायक त्यांना मानीत. पुढे खाँसाहेबांच्याच घराण्यातले उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत; परंतु सुरांचा त्यांचा कान विलक्षण होता. एकेका स्वरापाशी थांबून, तो नीट फुलवून मगच पुढल्या स्वराकडे जावयाचे, ही त्यांची शिकवण. घाई नाही, आटापिटा नाही. हिराबाईंच्या गाण्यातला जो निवांतपणा पुढे सर्वांना मोहवून गेला, त्याचे मूळ येथे आहे.

1921 च्या सुमारास मुंबईला पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत हिराबाई गायल्या. पलुस्करबुवांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता की, गाणे सभ्य घरांत गेले पाहिजे आणि गाणाऱ्याला मान मिळाला पाहिजे. त्यांच्याच व्यासपीठावर सोळा वर्षांची ही मुलगी चारचौघांत प्रथम बसली, हा मोठा सुयोग म्हणावा लागेल.

आता तबकडीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण हिराबाईंचे नाव घरोघर नेले ते तिने.

हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या त्या 1902 पासून. त्या वर्षी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. म्हणजे आपल्या देशात तबकडीवर प्रथम ज्यांचे आवाज उमटले, त्यांत स्त्रियाच पुढे होत्या. सुरुवातीच्या काळात गाणाऱ्याला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. 1925 नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि हळुवार आवाजसुद्धा नीट टिपला जाऊ लागला. हिराबाईंचा आवाज बारीक, गोड आणि ठेहरावाचा. हे नवे यंत्र जणू त्यांच्यासाठीच आले.

त्या तबकड्या लाखेच्या असत. काळ्याभोर, जड आणि हातातून पडल्या की खापरासारख्या फुटणाऱ्या. मिनिटाला 78 फेरे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. फोनोला चावी द्यावयाची, नवी सुई लावावयाची, तबकडी फिरू लागली की सुई अलगद टेकवावयाची आणि खरखरीतून आवाज उमटण्याची वाट पाहावयाची. चावी संपत आली की गाणाऱ्याचा आवाज हळूहळू खाली उतरे आणि पोरे हसत. जुन्या माणसांना हे सारे आठवत असेल.

तीन मिनिटांत ख्याल गावयाचा म्हणजे काय, याचा विचार करा. किराण्याचा राग फुलावयास तास लागतो. पुरणपोळीचा सारा स्वयंपाक एका वाटीत वाढावा, तसे ते काम. आलाप दोन-चारच, बंदिशीचे तोंड स्वच्छ, तान मोजकी, आणि वेळ संपण्याआधी समेवर नेमके येणे. ज्याचे गाणे पसरट आहे त्याची येथे फजिती होते. हिराबाईंनी मात्र त्या तीन मिनिटांत रागाचा चेहरा नेमका दाखविला. ख्यालाच्या जोडीला नाट्यपदे, भावगीते, भजने अशा त्यांच्या अनेक तबकड्या निघाल्या. त्यांचे कृष्णभजन तर ज्यांना रागाचे नावही ठाऊक नाही अशा घरांत देवपूजेच्या वेळी वाजू लागले.

येथेच एक गोष्ट घडली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. दिवाणखान्यातले गाणे ज्या घरात येऊ शकत नव्हते, त्या घरात तबकडी आली. कोणाच्या परवानगीचा प्रश्न उरला नाही. माजघरातल्या बाईला भाजी निवडता निवडता ख्याल ऐकू येऊ लागला. आवाज एका बाईचा, स्वच्छ, शांत, कोठेही उथळपणा नाही. हे गाणे वाईट असूच शकत नाही, हे कानाने मनाला पटवून दिले. जे काम शंभर व्याख्यानांनी झाले नसते, ते लाखेच्या त्या तबकडीने केले.

परंतु तबकडी म्हणजे वानवळा. शेतातल्या नव्या मालाचा घासभर वाटा शेजारी पाठवावा, तशी ती. पंगत काही वानवळ्यावर होत नाही. पोटभर जेवावयाचे तर पानावरच बसले पाहिजे. गाणे पोटभर ऐकावयाचे तर मैफलीतच गेले पाहिजे. आणि मैफलीत बायकांना जागा कोठे होती?

ती जागा हिराबाईंनी करून दिली. 1920 च्या दशकातच त्यांनी तिकीट लावून गाण्याचे जाहीर जलसे सुरू केले. अशा तऱ्हेने तिकिटावर जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंतांत त्यांचे नाव घेतले जाते. तिकीट ही वरवर पाहता लहानशी बाब. पण तिने सारा व्यवहार बदलला. दिवाणखान्यात यजमानाच्या मर्जीने गाणे चाले आणि त्याच्या बोलावण्याने ऐकणारे येत. तिकिटाच्या जलशात यजमान कोणीच नाही. ज्याने पैसे मोजले तो खुर्चीवर हक्काने बसला. मग तो कारकून असो, शिक्षक असो, की नवऱ्याबरोबर आलेली गृहिणी असो. गाणारीही कोणाची मिंधी राहिली नाही.

आणि त्या व्यासपीठावर हिराबाई कशा बसत? दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, साधे पातळ, पाठ ताठ, नजर शांत. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर ओढाताण नाही. मागे दोन तंबोरे, बाजूला तबला आणि पेटी. जणू हळदीकुंकवाला आलेली आपल्याच आळीतली एखादी बाई बसली आहे. त्यांना पाहून श्रोत्यांतल्या बायकांचा संकोच आपोआप गळून पडला. आपण येथे आलो यात काही वावगे नाही, असा धीर त्यांना त्या पदराने दिला. हिराबाईंनी स्त्री-स्वातंत्र्यावर भाषणे केली नाहीत. त्या नुसत्या गायल्या, आणि ज्या रांगांमध्ये पूर्वी केवळ पागोटी आणि टोप्या दिसत, तेथे वेण्या आणि गजरे दिसू लागले.

त्यांच्या मैफलीची मांडणीही सर्वांना सामावून घेणारी असे. आधी विलंबित ख्याल, मग द्रुत चीज, ठुमरी, मग नाट्यपद, भावगीत आणि शेवटी भजन किंवा भैरवी. जाणकारांचे समाधान होई आणि प्रथमच आलेली बाईसुद्धा काहीतरी ओळखीचे कानात घेऊन घरी जाई. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत भावगीत म्हणणे काही जणांना रुचले नाही. परंतु हिराबाईंच्या गळ्यातून ते आले की त्याचा दर्जा कधी उतरला नाही.

याच काळात या कुटुंबाने नाटकाचेही धाडस केले. येथे आपल्या जळगावची आठवण येते. स्त्रीभूमिकांचे सम्राट बालगंधर्व यांनी बालपणी गाण्याचे धडे घेतले ते जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे. पुढे त्यांनी नेसलेले शालू पाहून बायका आपले शालू घेत, इतके त्यांचे वेड. पण त्यामागची दुसरी बाजू अशी की, नामवंत नाटक मंडळ्यांत स्त्रीला जागा नव्हती, म्हणून पुरुषाला स्त्री व्हावे लागे. हिराबाई व त्यांच्या भावंडांनी 1930 च्या सुमारास नूतन संगीत नाटक मंडळी चालविली, तिच्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. 'सौभद्र'सारखी जुनी संगीत नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. भाऊ-बहिणी एकाच रंगमंचावर उभी राहिली आणि प्रेक्षकांनी ते गोड मानून घेतले.

धाडस मोठे होते, पण काळ फिरला होता. 1931-32 मध्ये बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांची तिकीटखिडकी ओस पडू लागली. मंडळी कर्जात बुडाली व बंद झाली. कर्ज फेडावयाचे कोणी? हिराबाईंनी. गावोगावी जलसे करून, प्रवास करून, घसा सांभाळून त्यांनी ते देणे भागविले. 1937 साली बाबुराव पेंटर यांच्या 'प्रतिभा' या बोलपटात त्यांनी भूमिका केली. आणखीही काही बोलपटांत त्या दिसल्या. परंतु त्यांचे मन रमले ते बैठकीतच. एकीकडे घराचा भार, एकीकडे देणेकरी आणि एकीकडे रोजचा रियाज. यांपैकी एकाचीही त्यांनी हेळसांड केली नाही. संसाराचा गाडा ओढणाऱ्या आपल्यासारख्या स्त्रियांना त्यांच्या तानांहूनही ही गोष्ट अधिक मोलाची वाटेल.

त्याच वर्षी, 27 ऑक्टोबर 1937 रोजी, उस्ताद अब्दुल करीम खाँ मद्रासेकडील प्रवासात एका लहानशा रेल्वे स्टेशनवर निवर्तले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. त्यांच्याही काही तबकड्या निघाल्या होत्या, आणि त्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. झिंझोटी रागातली त्यांची ठुमरी कर्नाटकातल्या गदगच्या एका लहान मुलाने दुकानातल्या तबकडीवर ऐकली आणि तिच्या वेडाने 1933 साली तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तीन मिनिटांच्या एका तबकडीने देशाला एक भारतरत्न दिले. मात्र भीमसेनजी तबकडी ऐकूनच गवई झाले नाहीत. ते अखेर खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या घरी कुंदगोळला जाऊन राहिले, समोर बसून शिकले. तबकडीने हाक दिली. विद्या मिळाली ती समक्ष.

हिराबाईंची कीर्ती तोवर महाराष्ट्राबाहेर पोचली होती. कलकत्ता, अलाहाबाद, दिल्ली असा सगळीकडे त्यांना मान मिळू लागला. सरोजिनी नायडू यांनी त्यांना गानकोकिळा म्हणून गौरविले. रसिक त्यांना गानहिरा म्हणू लागले. 1947 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा दिल्लीला वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना लाभला. ज्या देशात पंचवीस वर्षांपूर्वी बाईने सभेत गाणे हे लाजिरवाणे मानले जाई, त्याच देशाने आपल्या सर्वांत मोठ्या दिवशी एका बाईला गावयास बोलाविले. 1949 साली त्यांनी पूर्व आफ्रिकेचा दौरा केला. 1953 साली भारतीय शिष्टमंडळाबरोबर त्या चीनला गेल्या. त्याच वर्षी बंधू सुरेशबाबू वारले आणि भावाचा, गुरूचा आधार एकदमच गेला.

उत्तरायुष्यात हिराबाईंनी एक नवे काम केले. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्या जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी एकत्र बसून ख्याल गाण्याची ही तऱ्हा महाराष्ट्रात या बहिणींनी रूढ केली, असे म्हणावयास हरकत नाही. एकीने सूर धरावा, दुसरीने तो पुढे न्यावा. कोणी कोणाला मागे टाकावयाचे नाही. एवढ्यात नव्या लांब तबकड्याही आल्या होत्या. त्या लाखेच्या नव्हेत, विनाइलच्या. मिनिटाला 33 आणि तृतीयांश फेरे, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे गाणे. ज्या हिराबाईंनी तीन मिनिटांत राग बसविला होता, त्यांना आता बढत करण्यास ऐसपैस जागा मिळाली. तबकडी मैफलीच्या थोडी जवळ आली.

शिष्यांच्या बाबतीतही त्यांचा हात उदार होता. माणिक वर्मा आणि डॉ. प्रभा अत्रे या दोघींनी सुरेशबाबू व हिराबाई यांच्याकडे शिक्षण घेतले. माणिकताईंची भावगीते ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळा. प्रभाताईंना 2022 साली पद्मविभूषण मिळाले. 2024 च्या जानेवारीत त्या गेल्या. एका आईने वेगळे बिऱ्हाड केले तेव्हा तिच्याजवळ गाण्याशिवाय काही नव्हते. त्या गाण्याचा वेल असा गगनावरी गेला.

1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण हे मान हिराबाईंना मिळाले. 20 नोव्हेंबर 1989 रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि त्यातली जवळजवळ साठ वर्षे सुरांच्या सेवेत.

भगिनींनो, थोरांची चरित्रे वाचून बाजूला ठेवावयाची नसतात. हिराबाईंनी आपल्यासाठी दोन दारे उघडली: एक घरातले, एक मंडपाचे. त्यांचे आपण काय केले?

घरातल्या दाराचे पाहू. आज गाणे मोबाईलवर चुटकीसरशी मिळते, आणि म्हणूनच ते नीट ऐकले जात नाही. तबकडी लावण्यात एक शिस्त होती. ती काढा, पुसा, लावा, आणि मग समोर बसा. कोणाच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील तर त्या भंगारात घालू नका. आपल्या खानदेशात वैशाखात पारा 44-45 पर्यंत चढतो. अशा उन्हाने विनाइलची तबकडी पापडासारखी वाकते, तर लाखेची एका धक्क्याने फुटते. तेव्हा पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीला त्या ठेवू नयेत. एकावर एक चळत न करता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. मऊ, कोरड्या कापडाने रेघांच्या दिशेने गोल पुसाव्यात, बोटे कडेलाच लावावीत. जुन्या 78 च्या तबकडीला लांब तबकडीची सुई चालत नाही, हेही ध्यानात असावे. आणि तबकडी नसली तरी बिघडत नाही. मोबाईलवरच हिराबाईंचे एक गाणे लावावे. पण त्या तीन मिनिटांत हातात लाटणे नको, डोळ्यांपुढे दुसरे काही नको.

मंडपाच्या दाराविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. जळगाव आपल्याला हाकेच्या अंतरावर. तेथे बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरत आला आहे. तरी असोद्याहून किती जणी जातात? संध्याकाळची वेळ, स्वयंपाकाची खोळंबलेली कामे, सोबत कोण, परतावयाचे कसे, आणि मुख्य म्हणजे आपल्याला त्यातले काय कळते हा संकोच. कामांची अडचण खरी आहे. संकोच मात्र खोटा आहे. ज्या बायकांना ओवीचा ठेका आणि भजनाची सम जन्मापासून कळते, त्यांना ख्याल परका नाही. पहिल्या अर्ध्या तासात काही उमगले नाही तरी स्वस्थ बसावे. गाणारा एकेका स्वराचा उंबरठा ओलांडीत जातो. त्याच्यामागून आपणही जावे. समेवर मान आपोआप हलते, ती हलली की समजावे, आपले गाणे सुरू झाले.

अडचणींवर उपाय मंडळानेच काढावयाचा. महिन्यातून एक दुपार मंडळात तासभर नुसते ऐकण्यासाठी ठेवावी. वर्षातून एकदा तरी दहा-वीस जणींनी मिळून गाडी करावी, त्या दिवशी घरच्यांनी पिठले-भाकरीवर भागवावे, आणि रात्री सगळ्यांनी बरोबरच परतावे. एकटीला जे जमत नाही ते दहाजणींना सहज जमते. त्यासाठीच तर मंडळ असते.

आणि आपल्या घरात एखादी आजी, एखादी काकू जात्यावरची जुनी गाणी अजून म्हणत असेल, तर तिचा आवाज आजच मुद्रित करून ठेवा. बहिणाबाईंच्या वेळी असोद्यात तशी सोय नव्हती. आज ती प्रत्येकीच्या कनवटीला आहे. हिराबाईंचा आवाज टिकला म्हणून आपण त्यांना ओळखतो. आपल्या आजीचा आवाज टिकविणे आपल्या हाती आहे.